पटावरचा तिसरा हात

मागच्या महिन्यात आमच्या घरात एक खटला चालला. आरोपी मी, फिर्यादी माझा बारा वर्षांचा नातू आणि न्यायाधीश आमच्या सूनबाई. गुन्हा बुद्धिबळातला.

झालं असं. नातू मुलांच्या एका ऑनलाइन स्पर्धेत खेळत होता. रविवारची दुपार, बाहेरच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, आणि चहाचा कप घेऊन मी त्याच्या मागे उभा. बुद्धिबळ त्याला मीच शिकवलं. पाचव्या फेरीत त्याचा वजीर कोंडला गेला आणि तो हत्तीला हात घालणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, घोडा बघ की!" त्यानं घोडा बघितला, डाव फिरला, जिंकला. मी खुशीत उरलेला चहा संपवला.

रात्री सूनबाईंच्या हाती त्याचा फोन लागला. त्यावर बुद्धिबळाचा प्रोग्राम उघडा होता आणि त्यात सहाव्या फेरीचा डाव मांडलेला होता. सूनबाई धारवाडच्या. राग आला की त्यांची मराठी आपोआप मागे पडते. "आटदल्ली मोस?" एवढंच त्या म्हणाल्या. खेळात फसवणूक? पोराचा चेहरा उतरला. थोडा वेळ गप्प राहिला आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "अज्जानी सांगितलेलं चालतं, मग फोननं सांगितलं तर काय बिघडलं?"

वाचकहो, मी चौतीस वर्षं बँकेत काढली. तिथं व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. एकाच माणसानं दोन्ही सह्या केल्या की इन्स्पेक्टर पहिलं बोट तिथंच ठेवतो. हे सगळं ठाऊक असूनही पोराच्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. "मी मोठा आहे म्हणून" हे काही उत्तर नव्हे.

उत्तर शोधायला लागलो आणि ते सापडलं भलत्याच ठिकाणी. जिथं माणूस खेळतच नाही, संगणक संगणकाशी खेळतो, अशा स्पर्धांच्या नियमांत. नातू म्हणाला, "अज्जा, दोन्हीकडं कॉम्प्युटरच असेल तर लबाडी करणार कोण?" मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या स्पर्धांचे निम्मे नियम लबाडी रोखण्याचेच आहेत, आणि तो रोख यंत्रावर नाही. यंत्राशेजारी बसलेल्या माणसावर आहे.

खेळणाऱ्या यंत्राची आणि माणसाच्या लबाडीची ओळख तशी जुनी आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं बुद्धिबळ खेळणारा एक बाहुला दाखवला. तुर्की पोशाख, पुढ्यात पेटी, पेटीवर पट. दारं उघडून आतली चाकं लोकांना दाखवायची, दारं लावायची आणि खेळ सुरू. या बाहुल्यानं १८०९ साली नेपोलियनलाही हरवलं. पेटीत अर्थातच एक माणूस दडून बसलेला असायचा. तेव्हा लबाडी अशी, की यंत्राच्या पोटात माणूस. आता उलटं झालं आहे. माणूस समोर बसलेला दिसतो आणि चाली त्याच्या खिशातलं यंत्र सुचवतं.

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूनं कास्पारॉव्हला ३.५-२.५ असं हरवलं, तेव्हाही हाच संशय डोकं वर काढून होता. दुसऱ्या डावात यंत्रानं इतकी संयमी, माणसासारखी चाल केली, की कास्पारॉव्हला आत कुणा माणसाचा हात आहे असं वाटलं. त्यानं यंत्राच्या नोंदी मागितल्या. आयबीएमनं त्या प्रसिद्ध केल्या, पण सामना संपल्यानंतर. हिशेबाचा कागद वेळेवर समोर आला नाही की काय होतं, हे आम्हा बँकवाल्यांना निराळं सांगायला नको.

आता हे संगणक एकमेकांशी खेळतात कसे, ते थोडक्यात सांगतो. बुद्धिबळाच्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. विचार करणारा भाग म्हणजे इंजिन. पडद्यावर पट दाखवणारा आणि घड्याळ सांभाळणारा भाग निराळा. पट दाखवणारा भाग इंजिनाला स्थिती आणि उरलेला वेळ कळवतो, इंजिन आपली चाल कळवतं. या दोघांनी कोणत्या भाषेत बोलायचं याचे नियम ठरलेले आहेत. आज बहुतेक ठिकाणी जी पद्धत चालते, ती श्टेफान मायर-कालेन आणि रूडोल्फ ह्यूबर यांनी २००० साली ठरवली. अशी ठरीव भाषा असली की इंजिन इंटरनेटवरच्या सर्व्हरला थेट जोडता येतं. समोरच्याची चाल आली, इंजिनानं विचार केला, उत्तर गेलं. मध्ये कुणाचा हात नाही.

पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक संगणकाशेजारी एक चालक बसायचा. आपल्या यंत्राची चाल पटावर करायची आणि समोरून आलेली चाल यंत्रात भरायची, एवढंच त्याचं काम. ऐकायला हमालीचं वाटतं, पण सगळा मोह याच जागी. यंत्र म्हणतं हत्ती, चालकाला दिसतो घोडा. चुपचाप घोडा हलवला तर कुणाला कळणार? शेजारी दुसरा, जास्त ताकदीचा प्रोग्राम चालू ठेवला तर? डाव चालू असताना यंत्राची कळ थोडी फिरवली तर? काही नाही तर समोरच्यानं बरोबरी देऊ केल्यावर ती घ्यायची की नाही, हे यंत्राला न विचारता स्वतःच ठरवलं तर? पैशाला न शिवता अफरातफर करावी, तसाच हा प्रकार.

म्हणून नियम आले. स्पर्धेगणिक तपशील बदलतो, पण गाभा एकच. चाल यंत्राची, माणसानं ती फक्त पोचवायची. डाव सुरू झाल्यावर सेटिंगला हात लावायचा नाही. यंत्र बंद पडलं किंवा लाइन तुटली तर ते पुन्हा सुरू करायची मुभा असते, पण पंचाला सांगून. ऑनलाइन स्पर्धांत आणखी एक चांगली रीत पडली. चालीबरोबर इंजिन आपला विचारही सर्व्हरवर सांगतं. किती खोल पाहिलं, कुणाची बाजू वरचढ वाटते, पुढच्या चाली कोणत्या दिसतात, हे सगळं प्रेक्षकांसमोर येतं. इंजिन आत्तापर्यंत उंटाचा विचार करत होतं आणि चाल मात्र घोड्याची आली, तर लोक लगेच विचारणार. शिवाय प्रत्येक विचाराची नोंद एका फाइलमध्ये राहते आणि पंच ती कधीही मागू शकतो. पंच त्याच स्थितीत इंजिनाला पुन्हा विचार करायला लावूनही बघू शकतो. यात एक अडचण आहे. बरेच प्रोसेसर एकदम चालवणारं इंजिन तोच प्रश्न दोनदा विचारला तर दरवेळी तंतोतंत तेच उत्तर देईल असं नाही. त्यामुळे एकाच चालीवरून चोर धरता येत नाही. अनेक चाली, अनेक डाव मिळून बघावे लागतात.

नातवाला ही माहिती रुचली, पण पटली नाही. "अज्जा, माणूस लबाडच असतो असं कशावरून? चांगल्यासाठी पण हात घालेल की." तेव्हा मी त्याला ग्राझची गोष्ट सांगितली.

नोव्हेंबर २००३. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. ही ऑनलाइन नव्हती. एका सभागृहात, चालक शेजारी बसून. एका डावात जॉनी नावाचा प्रोग्राम, समोर नावाजलेला श्रेडर. श्रेडर जिंकत आलेला होता, पण त्याच्या प्रोग्राममधल्या एका दोषामुळे पटावर तीच ती स्थिती तिसऱ्यांदा आली. बुद्धिबळात असं झालं की खेळाडूला बरोबरी मागता येते. जॉनीच्या पडद्यावर तशी सूचनाही आली. पण जॉनीचा कर्ता योहानेस झ्वान्झगर स्वतःच चालक म्हणून बसला होता. त्यानं बरोबरी मागितली नाही. श्रेडर जिंकणारच होता, केवळ त्याच्या बिघाडाचा फायदा घेऊन आपण अर्धा गुण उचलायचा, हे त्याच्या मनाला पटेना. डाव पुढं चालला आणि श्रेडर जिंकला.

किती उमदा माणूस, असं आपण म्हणू. मीही म्हणालो. पण पुढं काय झालं बघा. स्पर्धेच्या शेवटी श्रेडर आणि फ्रिट्झ या दोघांचे गुण सारखे झाले. निर्णायक सामना झाला आणि श्रेडर विजेता ठरला. त्या डावात बरोबरी झाली असती तर श्रेडरचा अर्धा गुण कमी होऊन फ्रिट्झ एकटाच विजेता ठरला असता. एका सज्जन माणसाच्या मोठ्या मनाची किंमत तिसऱ्याच कुणी मोजली. निकालावर हरकत घेतली गेली, वाद झाला, पण निकाल कायम राहिला.

ही गोष्ट ऐकून नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे चांगल्या मनानं घातलेला हात पण हातच." मला जे आठवडाभर सुचत नव्हतं, ते पोरगं एका वाक्यात बोलून गेलं. मी "घोडा बघ" म्हणालो ते प्रेमानंच. पण त्या डावात समोर दुसऱ्या गावचं दुसरं कुणाचं तरी लेकरू बसलं होतं. त्याचा अज्जा त्याच्या मागे उभा नसेल.

माणसाचा हात मध्ये नको, म्हणून मग यंत्रालाच यंत्राशी जोडून टाकलं. २०१० साली सुरू झालेल्या टीसीईसी या ऑनलाइन स्पर्धेत तर सगळी इंजिनं आयोजकांच्याच यंत्रणेवर चालतात. इंजिन लिहिणारा आपला प्रोग्राम पाठवून देतो आणि घरी बसून जगाबरोबर डाव बघतो. सुरुवातीच्या चाली आयोजक ठरवून देतात आणि त्याच सुरुवातीवर दोघांना एकदा पांढऱ्यांनी, एकदा काळ्यांनी खेळायला लावतात. डाव बरोबरीत सोडायचा की कुणाचा विजय मानायचा, याचेही नियम आधीच ठरलेले. दोन्ही इंजिनांची मतं ठरलेल्या हद्दीत काही चाली टिकली की डाव आपोआप थांबतो. मागायला आणि नाकारायला माणूसच नको.

मग लबाडी संपली का? नाही. ती एक दार मागं सरकली. चाल यंत्राचीच आहे, पण यंत्र कुणाचं आहे? रिब्का नावाचा प्रोग्राम २००७ ते २०१० सलग चार वर्षं संगणकांचा जगज्जेता होता. जून २०११ मध्ये आयसीजीए या संस्थेनं ही विजेतेपदं काढून घेतली. कारण असं दिलं, की रिब्काचे कर्ते वासिक राय्लिख यांनी क्राफ्टी आणि फ्रूट या दुसऱ्यांच्या प्रोग्राममधला मजकूर उचलला आणि स्पर्धेत भाग घेताना ते सांगितलं नाही. राय्लिख यांनी हा आरोप मान्य केला नाही. संस्थेनं त्यांच्यावर आजीवन बंदी घातली, पण २०१५ साली फिडेच्या नीती आयोगानं या बंदीबद्दल उलट संस्थेलाच ताकीद दिली. चोर पकडणाऱ्यालाही नियम असतात, हे त्यातून शिकण्यासारखं. पुढं २०२१ साली स्टॉकफिश या सर्वांना खुल्या असलेल्या इंजिनाच्या कर्त्यांनी चेसबेस कंपनीवर जर्मनीत दावा लावला. खुला प्रोग्राम वापरायला कुणाचीच ना नाही, पण तो ज्या अटींवर खुला आहे त्या पाळा, एवढंच त्यांचं म्हणणं. २०२२ मध्ये समझोता झाला. दुसऱ्याच्या शेतातलं घ्यायला हरकत नाही, पण कुणाच्या शेतातलं ते सांगावं लागतं.

आता आपल्या पोरांकडं येऊ. २००९ साली अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सला माणसांच्या एका स्पर्धेत मोबाइलवर चालणारा पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम उतरवला होता. त्यानं १० पैकी ९.५ गुण मिळवले. ती जुनी गोष्ट झाली. आज आपल्या पोरांच्या दप्तरातल्या फोनसमोर जगज्जेताही टिकणार नाही. त्यामुळे ऑनलाइन स्पर्धेत सगळी राखण याच एका वाटेवर आहे. खेळाडूच्या चाली इंजिनाच्या चालींशी किती जुळतात, सोप्या आणि अवघड चालींना त्याला सारखाच वेळ लागतो का, डाव चालू असताना तो दुसऱ्या खिडकीत जातो का, हे सर्व्हर पाहत असतो. मोठ्या स्पर्धांत कॅमेराही लावावा लागतो, तो कधी कधी मागच्या बाजूनंही, म्हणजे चहाचा कप घेऊन उभा असलेला अज्जाही दिसतो.

मोठ्यांनाही हा मोह सुटलेला नाही. जून २०२१ मध्ये कोविड मदतीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याबरोबर काही नामवंतांचे ऑनलाइन डाव झाले. त्यात बंगळूरचे उद्योजक निखिल कामत यांनी आनंदना हरवलं. दुसऱ्याच दिवशी आपण संगणकाची आणि जाणकारांची मदत घेतली होती, असं त्यांनी स्वतःच जाहीर कबूल केलं आणि माफी मागितली. गंमत म्हणून खेळला जाणारा, धर्मादाय डाव होता. तरी लोकांना लागलं, कारण समोर आनंद एकटे होते.

यंत्रावर सगळं सोपवलं म्हणजे न्याय झाला, असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पहिलं ऑनलाइन ऑलिंपियाड झालं. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या एका खेळाडूची लाइन भारताविरुद्ध तुटली, त्याचं घड्याळ चालत राहिलं आणि तो वेळेवर हरला. आर्मेनियाचं अपील फेटाळलं गेलं आणि त्या संघानं स्पर्धा सोडली. दोनच दिवसांनी रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात इंटरनेट कोलमडलं आणि आपला निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख तसेच वेळेवर हरले. भारतानं अपील केलं आणि फिडेनं दोन्ही देशांना संयुक्त विजेते ठरवलं. बिघाड दोन प्रकारचे होते, त्यामुळे निर्णयही वेगळे, असं म्हणता येईल. पण आर्मेनियातल्या एखाद्या अज्जाला विचारा, त्याला काय वाटलं असेल. घड्याळ आपोआप चालतं, निवाडा आपोआप होत नाही. तो शेवटी माणसालाच करावा लागतो, आणि म्हणूनच तो माणूस खेळणाऱ्यांच्या बाजूचा असून चालत नाही.

सूनबाईंचा निवाडा मात्र सोपा होता. "आयोजकांना कळवायचं," त्या म्हणाल्या. "दोन्ही डावांचं. आणि मामा, पाचव्या फेरीचं तुम्ही लिहायचं."

लिहिलं. सहाव्या फेरीचं नातवानं लिहिलं, चार ओळी, तीनदा खोडून. मी माझं लिहिताना "उत्साहाच्या भरात" असे दोन शब्द घातले होते. ते सूनबाईंनी वाचले आणि काही बोलल्या नाहीत. मीच काढून टाकले. आयोजकांनी दोन्ही डावांचे गुण काढले. पोरगं दुसऱ्या क्रमांकावरून नवव्यावर गेलं आणि बक्षिसाचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. त्या रात्री तो न जेवता झोपला. सूनबाईंनीही ताट वाढून घेतलं नाही. मला वाटलं, आपण फार ताणलं का? अजूनही कधी कधी वाटतं.

पण आमच्या घरात आता नियम झाला आहे, आणि तो त्यानंच एका कागदावर दोन्ही लिप्यांत लिहून भिंतीला लावला आहे. डाव चालू असताना फोन आईपाशी. दार उघडं. अज्जा बाहेर. डाव संपल्यावर अज्जा आत.

गेल्या रविवारी पुन्हा स्पर्धा होती. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत, फोन स्वयंपाकघरात मीठ-मसाल्याच्या डब्याशेजारी, आणि मी तुळशीपाशी कट्ट्यावर, थंडगार चहा घेऊन. आतून माऊसचा आवाज येत होता. एकदा आवाज बराच वेळ थांबला तेव्हा उठून आत डोकवावंसं फार वाटलं. तसाच बसून राहिलो. शेवटी आतून हाक आली, "अज्जा, हरलो!"

मी आत गेलो. आम्ही लाकडी पट काढला आणि तो डाव पहिल्यापासून मांडला. घोडा कुठं चुकला ते आता सांगायला मला परवानगी होती.